अपडेटचा मुहूर्त

सोमवार, ३ नोव्हेंबर
आमच्या फलटणच्या दूध संघात कॉम्प्युटरमधलं कळणारा मी एकटाच. म्हणून मॅनेजर लालासाहेबांनी मलाच बोलावलं. ऑडिटची फाईल उघडत नाही, आधी ऑफिसचं सॉफ्टवेअर अपडेट करा म्हणतंय. किरकोळ काम, मी म्हणालो. लालासाहेब मिलिटरीतले रिटायर सुभेदार. म्हणाले, शुक्रवारी ऑडिटर येतोय, तवर झालं न्हाई तर तुमी मेढ्याच्या शाखेत.
मेढा! ती थंडी, ते डोंगर आणि माझा दमा. जेवण गेलं नाही.

मंगळवार, सकाळी
असलं काम कधीही उठून करायचं नसतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी पंचांगाचं सॉफ्टवेअर टाकलंय (कल्पना माझीच). त्यात मुहूर्त काढला, ११.१०. नारळ फोडला, बटण दाबलं. मेसेज आला, बॅकग्राउंडला एक प्रोग्रॅम चालू आहे, आधी तो बंद करा. समोर तर काहीच दिसेना! खाली इंग्रजीत बारीक काहीतरी होतं, पण वाचायला हिंमत लागते. झटकन बंद केलं. आत कुणीतरी बसलंय. हॅकरच.

मंगळवार, संध्याकाळी
शेजारच्या टेबलावरच्या दीपमालावर संशय. सारखी व्हिडिओ बघते. विचारलं तर खवळली. आवं, मी तुमच्या कॉम्प्युटरला हातबी लावत न्हाई, म्हणाली. चोराच्या मनात चांदणं.

बुधवार
पुन्हा पंचांग उघडलं, पुन्हा मुहूर्त, पुन्हा तोच मेसेज. अँटीव्हायरसच फितूर असणार, काढून टाकला. मग प्रिंटरही बंद पडला. त्याचा काय संबंध, देव जाणे. लालासाहेब दारात उभं राहून नुसतं बघून गेले. मी टेबलाखाली वायर शोधत बसलो.
निश्चय: उद्यापासून घाबरायचं नाही.

गुरुवार
घाबरलो. लालासाहेबांना सांगितलं, नव्वद टक्के झालंय. घरी रेश्मानं विचारलं, आवं, मेढ्याला स्वेटर लागंल, एक पुरंल का? बायकोचाही विश्वास नाही. लय वाईट वाटलं.

शुक्रवार, दुपारी
साडेदहा ते बारा राहुकाळ. बारानंतरच हात लावणार होतो. ऑडिटर पावणेअकरालाच टपकला! लालासाहेबांनी दीपमालाला माझ्या खुर्चीत बसवलं. मी डोळे मिटले. तिनं ते बारीक इंग्रजी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं.
माझं पंचांग.
फुली दाबली तरी ते जात न्हाई म्हणे. राहुकाळाची घंटी वाजवायला स्क्रीनच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी दिवसभर बसून असतं. तिनं बंद केलं. ऐन राहुकाळात अपडेट सुरू झालं आणि ऑडिटरचा चहा संपायच्या आत पुरं झालं. ऑडिटर हसला. लालासाहेब हसले नाहीत.

शुक्रवार, संध्याकाळी
ऑर्डर हातात. सोमवारी मेढ्याला हजर व्हायचं. निदान चांगली वेळ बघून निघावं म्हणून कॉम्प्युटर उघडला. दीपमालानं पंचांग मुळासकट काढलंय. लालासाहेब म्हणाले, पहाटेची एसटी धरा.
सोमवारी राहुकाळ साडेसात ते नऊ, एवढं पाठ आहे. म्हणजे सगळा गाडीतच.
रेश्माला स्वेटर काढायला सांगितला. तिनं गेल्या सोमवारीच काढून ठेवला होता.