चार वड्या आणि एक टाचणी

मी, वर्नन एल्मर टॅगार्ट, वय अठ्ठ्याहत्तर, पूर्वी शाळेच्या बसचा चालक, आता नुसता बसलेला, राहणार बेलफर्न, ओहायो, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. कोणी मानगुटीवर बसलेलं नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही. याआधीची माझी दोन मृत्युपत्रं रद्द समजावीत. दोन्हींत मी मुख्य गोष्ट टाळली होती.

कलम १. राहतं घर, आतल्या सामानासकट, माझी एकुलती मुलगी मार्नी हिला मिळावं. बँकेत जे काही असेल तेही तिचंच. तळघरात वसंतात पाणी येतं, हे घर विकताना तिने लपवू नये. आपल्या घराण्यात लपवालपवी पुरेशी झाली आहे.

कलम २. समोरच्या गॉर्डनने माझी शिडी १९९८ साली दोन दिवसांसाठी नेली आणि तेव्हापासून ती आपलीच असल्याचं तो गावभर सांगतो. ती शिडी मी त्याला देऊन टाकत आहे, म्हणजे आतातरी तो खरं बोलतोय असं होईल. एवढी वर्षं मी त्याला तोंडावर खोटारडा म्हणत आलो. मला तो अधिकार नव्हता, हे कलम ५ वाचल्यावर कळेल.

कलम ३. बसमधला लांबट आरसा, जो निवृत्तीच्या दिवशी गॅरेजवाल्यांनी मला काढून दिला, तो कोणालाही देऊ नये. माझ्याबरोबर शवपेटीत ठेवावा. त्या आरशात मी जे पाहिलं ते माझं मलाच पुरे.

कलम ४. मार्नीच्या मुलांना, म्हणजे ट्रूडी आणि वेस यांना, माझा फ्रिजवरचा पत्र्याचा डबा मिळावा. हॅलोविनच्या रात्री मुलं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात, त्यातला उरलेला खाऊ माझी बायको लॉइस त्यात कुलूपबंद ठेवायची. रोज जेवणानंतर एक गोळी, आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत जे उरेल ते कचऱ्यात. मार्नीची पद्धत वेगळी: दोन दिवस काय हवं ते खा, मग उरलेलं ती पिशवीत भरून ऑफिसात नेते आणि मुलं दाराशी उभी राहून रडतात. दोघींच्या पद्धतींबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझी सूचना एकच. डब्याचं कुलूप फेकून द्यावं, आणि मोठ्यांपैकी कोणाला मुलांच्या खाऊतलं काही हवंसं वाटलं, तर त्याने हात पुढे करून मागावं. कारणं सांगू नयेत.

कलम ५. आता ते.

सन १९८५. मार्नी सहा वर्षांची होती. हॅलोविनहून आली आणि पायमोजे घसरलेल्या अवस्थेत तिने सगळी पिशवी या टेबलावर ओतली. त्या काळी खाऊ आधी बापाने तपासायचा, फाटक्या वेष्टनातलं बाजूला काढायचं, अशी घरोघरची रीत होती. खाऊत ब्लेड सापडलं, टाचणी सापडली, असं पेपरात दरवर्षी काहीबाही यायचं. मी चष्मा लावून न्यायाधीशासारखा बसलो. ढिगात शेजारच्या ऑटिली ब्रँडविकबाईंच्या चार कॅरमेलच्या वड्या होत्या, मेणकागदात गुंडाळलेल्या, दोन्ही टोकांना पीळ दिलेल्या, आत काळे अक्रोड. तसली वडी साऱ्या परगण्यात कोणाच्या बापाला जमत नसे. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी चारही उचलून बाजूला ठेवल्या.

"त्या का काढल्यास, बाबा? त्या माझ्या आहेत."

"खराब आहेत."

"दाखव ना कुठे खराब आहेत ते!"

त्या दिवशी मी गणवेशाचा नवा शर्ट उघडला होता. त्याच्या कॉलरला लावलेल्या टाचण्या टेबलावरच पडल्या होत्या. मी एक उचलली आणि पोरीच्या डोळ्यांसमोर धरली. "हे बघ, यातून निघाली." ती इतकी घाबरली की तिने आपले दोन्ही हात पाठीमागे लपवले. मला त्याच क्षणी सांगता आलं असतं की चेष्टा केली. पण मला वड्या हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजात, बस सुरू करण्याआधी, मी चारही खाल्ल्या. छान होत्या. हे लिहिताना लाज वाटते, पण छान होत्या.

मग मुलं चढली. मार्नी तिसऱ्या बाकावर बसायची. तिने शेजारणीच्या कानात सांगितलं, तिने मागच्या पोराला, आणि ती गोष्ट बाकाबाकाने मागे सरकत गेलेली मी आरशात पाहिली. केसांत च्युइंगगम चिकटवला म्हणून मी अख्खी बस रस्त्याकडेला थांबवलेली आहे. त्या दिवशी मी एवढंच ओरडलो, "खाली बसा रे सगळे!" शाळा येईपर्यंत शेवटच्या बाकालाही कळलं होतं.

त्याच दुपारी लॉइसने ऑटिलीबाईंना फोन करून नाही नाही ते सुनावलं. चर्चच्या विक्रीत त्यांच्या वड्या ठेवणं बंद झालं. पुढच्या हॅलोविनला, मुलांनी यावं याची खूण म्हणून, त्यांनी अंगणातला दिवा लावला, ताट भरून दाराशी बसल्या. पोरं माझ्याकडे आली, त्यांचं घर गाळून पुढच्या घरी गेली. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी दुकानातली चॉकलेटं आणली. तीही कोणी घेतली नाहीत. त्यानंतर तिथे दिवा लागला नाही.

प्रायश्चित्त म्हणून मी त्यांच्या दारातला बर्फ उपसत आलो. नाताळात त्या मला डबाभर वड्या द्यायच्या. म्हणायच्या, "तूच एकटा खातोस रे माझ्या हातचं, वर्नन." आणि मी खायचो. लॉइस त्यांच्याशी मरेपर्यंत बोलली नाही, आणि मी तिलाही काही सांगितलं नाही. गेल्या हॅलोविनला ट्रूडी आणि वेसने याच टेबलावर पिशव्या ओतल्या तेव्हा मार्नी म्हणाली, "थांबा, आधी आजोबांना बघू द्या. त्यांना एकदा टाचणी सापडली होती, त्या घरातली." पोरं खिडकीतून त्या घराकडे बघायला लागली. मी चष्मा लावला आणि पिशव्या तपासायला घेतल्या.

टाचणी माझ्या शर्टाची होती. ऑटिलीबाईंच्या वड्यांत कधीही काही नव्हतं. हे माझ्या मृत्यूनंतर मार्नीने चर्चमध्ये सर्वांसमोर वाचून दाखवावं.

कलम ६. कुंपणालगतची दहा फूट पट्टी, तीवरच्या काळ्या अक्रोडाच्या झाडासकट, ऑटिली ब्रँडविक यांना मिळावी. (हे कलम खोडलं आहे. कारण खाली. – व. ए. टॅ.)

इथपर्यंत लिहून झालं होतं. आज दुपारी वकील डेन्टन सहीसाठी आले. साक्षीला येणारी त्यांची कारकून ताप येऊन पडलेली. मी काही म्हणायच्या आत ते शेजारी जाऊन ऑटिलीबाईंनाच घेऊन आले. "या बाई मोकळ्याच होत्या," म्हणाले.

"साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते," वकील त्यांना म्हणाले.

"नव्वद वर्षांत मी न वाचता कशावर सही केलेली नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या हातातून कागद ओढून घेतला. कलम ५ दोनदा वाचलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चार वड्यांसाठी?"

"हो."

"वड्या केल्या त्या दिवशी मी स्वयंपाकघरातच पडदे शिवत बसले होते, वर्नन. मला वाटलं, टाचणी माझ्याच हातून पडली. एका लेकराच्या घशात गेली असती, या भीतीने मी पुन्हा सुई हातात धरली नाही."

मी म्हणालो, "माफ करा."

"आणि हे वाचायचं कधी? तू मेल्यावर? बसमध्ये तोंड उघडलं नाहीस, आताही मेल्यावरच उघडणार? आणि तोवर मी काय करू, वाट बघू?"

वकिलांनी कागद वाचला आणि ते म्हणाले, "बाई, यात तुम्हाला झाड मिळतंय. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार राहू नये. झाड घ्या, नाहीतर सही करा."

त्यांनी पेन घेतलं आणि कलम ६ वर रेघ मारली. "झाड घेऊन मी काय करू? याने हे कबूल केलं, याला साक्षीदार मी."

कलम ७. सबब कलम ५ च्या शेवटच्या ओळीत दुरुस्ती. मृत्यूची वाट बघायची नाही. उद्या हॅलोविन आहे. उद्या मुलं पिशव्या ओततील तेव्हा, कोणी गोळीला हात लावण्याआधी, मी कलम ५ मार्नी आणि मुलांसमोर स्वतः मोठ्याने वाचीन. ऑटिलीबाई टेबलाशी बसलेल्या असतील. येईन म्हणाल्या आहेत, माफ केलं असं म्हणालेल्या नाहीत. त्यानंतर येत्या रविवारी चर्चमध्येही मीच वाचीन. माझा आवाज फुटला नाही तर वकील डेन्टन यांनी वाचावं.

सही : वर्नन एल्मर टॅगार्ट
बेलफर्न, ओहायो. ३० ऑक्टोबर २०२४.

वरील गृहस्थाने आमच्या डोळ्यांसमोर सही केली. शुद्ध पूर्ण होती.

साक्षीदार : हॉलिस डेन्टन, वकील.

साक्षीदार : ऑटिली ब्रँडविक, वय नव्वद. माझ्या हाताने एवढं लिहिते. लॉइसचा फोन आला त्या दुपारी मी माझ्या टाचण्या मोजल्या होत्या. चाळीसची नवी पुडी होती आणि चाळीसही जागेवर होत्या. तरी मी वर्ननवर विश्वास ठेवला.