कॅप्टन बेसॉल्ट जगावा की मरावा?

१२ फेब्रुवारी १९९६, सोमवार
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पण गॅलिव्हंट एंटरटेनमेंट नेमकी कुणी वाचवली, हे कुठेतरी लिहिलेलं असावं. कंपनीचा बर्फावरच्या स्केटिंगचा शो झोपला, स्टिकरचा कारखाना झोपला आणि खापर फुटतंय आमच्या कॉमिक्सवर. आज वरच्या मजल्यावरचे कॉरिगनसाहेब खाली आले. म्हणाले, कॅप्टन बेसॉल्ट बंद, तुमचं खातंही बंद. एकोणीस वर्षं मी त्याचा संपादक आहे. मी म्हटलं, वाचकांनाच विचारू. अंकात कूपन छापू, कॅप्टन जगावा की मरावा. ९ ऑगस्टपर्यंत पन्नास हजार कूपनं आली तर मासिक चालू ठेवायचं. साहेब हो म्हणाले. बरेच दमलेले वाटले.

४ मार्च
कव्हरवर चांदीचा वर्ख. पाच प्रकारची कव्हरं. अंक सीलबंद पिशवीत. हल्ली हेच खपतं.

विल्मा डोर्सीने बावीस पानं आणून दिली. कॅप्टनची चित्रं सुरुवातीपासून तीच काढते. वय बासष्ट, दुखऱ्या मनगटाला पट्टा. मासिक बंद पडलं तर या वयात तिला कोण काम देणार? मी धीर दिला. म्हटलं, विल्मा, तू फक्त बघत राहा. ती म्हणाली, रसेल, एकोणीस वर्षं बघतेच आहे.

१२ जून
अंक बाजारात. दुकानदारांनी तीन लाख प्रती उचलल्या! डोरीनला जेवायला बाहेर नेलं. बायको म्हणून तिने कौतुक करावं एवढीच अपेक्षा. ती म्हणाली, आधी कूपनं तर येऊ देत.

२४ जून
कूपनं: चार. पोस्टाचा कारभार ढिला आहे. टपालखोलीत तीन रिकामी पोती ठेवायला सांगितलं.

८ जुलै
सात. सुट्ट्या आहेत, लोक समुद्रावर गेलेत.

१७ जुलै
बे रिजला ऑगी व्हिटालेच्या कॉमिक्सच्या दुकानात गेलो. विचारलं, खप कसा आहे? म्हणाला, झकास, माणशी दोन-दोन नेतात. मग कूपनं का येत नाहीत? ऑगीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आजच या धंद्यात आलोय. म्हणाला, अहो संपादक, कूपन आहे पिशवीच्या आत. पिशवी फोडली की अंकाची किंमत गेली. पुढे चढ्या भावाने विकायला, पोरांच्या शिक्षणासाठी ठेवतात लोक ते. फोडतंय कोण?

पुढच्या अंकाची ऑर्डर त्याने दिलेली नाही. कुणीच दिलेली नाही म्हणे.

एक गिऱ्हाईक दोन अंक घेऊन उभं होतं. मी हात जोडले, एक तरी फोडा, आत कथा आहे. तो म्हणाला, तुम्ही फोडलात का तुमचा?

घरी माझे दहा आहेत. एक काढला, कात्री घेतली. डोरीन दारात उभी राहून बघत होती. वर्ख फारच सुंदर उतरलाय. परत ठेवला.

नवी योजना: पुढच्या वेळी कूपन पिशवीच्या बाहेर.

३१ जुलै
साहेबांना मुदतवाढ मागितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. होकारच समजतो. विल्माला तसं सांगितलं. ती ब्रश धूत होती, धूतच राहिली.

९ ऑगस्ट, शुक्रवार
शेवटचा दिवस. कालपर्यंत अकरा. सकाळच्या टपालात एक आलं. 'मरावा'वर खूण, खाली दोन ओळी: मरू दे बिचाऱ्याला. दमलाय तो. नाव नाही. अक्षर ओळखीचं. 'जगावा' म्हणणारे अकरा आणि 'मरावा' म्हणणारी ही एकटी. विल्माच्या टेबलावर फोडलेली पिशवी पडली होती.

मला खूप वाईट वाटलं. पण नियम मीच छापलाय, कंपनीच्या माणसांना मत नाही. कूपन बाद केलं.

दुपारी चार वाजता कॉरिगनसाहेबांची पाकिटं आली. खातं आजपासून बंद. एक विल्माला, एक मला. तिने न वाचता पर्समध्ये टाकलं आणि कोट घेतला.

म्हणजे ती आता कंपनीची माणूस नाही. कूपन परत गठ्ठ्यात लावलं. एकूण बारा.