माझ्या लॉगिनवरून पुसलेली ओळ

मंगळवार, संध्याकाळ

आज मी नोंदी ठेवते त्या दवाखान्यात, सेलूहून आलेल्या एका बाईंच्या नोंदीतून ‘पेनिसिलिन चालत नाही’ ही ओळ पुसली गेली. इंजेक्शन भरूनही झालं होतं. त्यांच्या नवऱ्यानं ऐनवेळी सांगितलं म्हणून त्या वाचल्या. कॉम्प्युटर दाखवतो, ओळ माझ्या लॉगिनवरून पुसली. मी तेव्हा जेवायला गेले होते.

पासवर्ड मीच दिला होता, कीबोर्डखाली चिठ्ठी चिकटवून. नर्स मंगलाताईंचं लॉगिन सारखं अडतं, पेशंट खोळंबतात. मदतच ना ती?

निघताना ताई हळूच म्हणाल्या, "माह्यं नाव नको सांगजो वं. तू तं ग्रॅज्युएट, तुले कोण काय म्हणते!"

बाबा भाजी विकताना गिऱ्हाइकांना सांगतात, पोरगी कॉम्प्युटरवर बसते. नोकरी गेली तर त्यांना काय सांगू?

पण ती चिठ्ठी जूनपासून तिथं आहे. इतक्या महिन्यांत माझ्या नावानं कुणी काय बदललं, मला ठाऊकच नाही. आणखी कुणाची ओळ पुसली असेल?

उद्या साहेबांना सगळं सांगणार. आधी जूनपासूनच्या नोंदी तपासा म्हणणार, मग माझं काय करायचं ते करा.