पलंगाखालची सतरंजी

छोट्या,

बाथरूममध्ये बादलीखाली झाकून ठेवलेलं ते मेलेलं पाखरू मी फेकून दिलंय. अळ्या पडल्या होत्या. म्हणे कुत्र्याला वासाची ओळख हवी! ओळख अख्ख्या घराला झाली. शी!

वांडला मी घेऊन चाललेय, शोधत बसू नकोस. तो हट्टी आहे, कबूल. शिकारी जातीचं पिल्लू ते, ससा दिसला की त्याचे कान बंद होणारच. पण काल मी गच्चीवरून सगळं बघितलं. तू शीळ घालत राहिलास आणि शेवटी तो ससा सोडून, जीभ बाहेर काढून, शेपूट हलवत तुझ्यापाशी आला. आणि तू त्याला पट्ट्याने फोडून काढलंस. का, तर उशिरा आला म्हणून! अरे शहाण्या, आपण पळालो होतो हे तो केव्हाच विसरला होता. जवळ गेलो आणि मार बसला, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. पाखराची नाही आली एवढी किळस मला तुझी आली.

आज सकाळी दूधवाल्याने सहज शीळ घातली, तर वांड थरथरत पलंगाखाली शिरला आणि तिथेच मुतला. फरशी मी पुसलीय, सतरंजी तू धू.

पट्टा बाबांचाच ना? ट्रंकेतून बरा शोधून काढलास. त्यांनी हाक मारली की आपण दोघं याच पलंगाखाली शिरायचो. तेव्हा सतरंजी कोण ओली करायचं, ते धुताना आठव.

ताई