चितकबरा अनंत आणि चुन्याची बादली

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंद्याने रंगारी, हे पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मुलीला तो पटलेला नाही.

१. राहते घर मुलीला. पुढच्या खोलीला गुलाबी रंग दिल्यास मला कळणार नाही, तरी देऊ नये.

२. सगळे ब्रश आणि मोठी शिडी जावयाला. तो स्टुलावर चढला तरी त्याला घेरी येते, हे ठाऊक असूनच देत आहे.

३. अंगणातला अनंत, म्हणजे पांढऱ्या किनारीच्या पानांचा, बायकोने लावलेला, भिंतीपलीकडे राहणाऱ्या धाकट्या भावाला. झाडाला आंबट माती लागते. बुडाशी कुजलेला पाला घालावा, पाणी साठवलेल्या पावसाचेच द्यावे. नुसत्या हिरव्या पानांची फांदी फुटली की बुडातून छाटावी. ती फार जोमाने वाढते आणि सगळे झुडूप हिरवे करून टाकते. तिची गयावया ऐकू नये.

४. बायको गेल्याच्या वर्षी पाने पिवळी पडली, कळ्या गळल्या. भावाने चुलीतली राख टाकली, असे मी चारचौघांत म्हणालो. अकरा वर्षे बोललो नाही. गेल्या महिन्यात रोपवाटिकावाल्याने माती तपासून सांगितले, "काका, यात चुना आहे, मातीचा आंबटपणा त्यानेच गेला." चुन्याची बादली रोज संध्याकाळी तिथेच विसळणारा मी. हे तोंडाने सांगायचा धीर झाला नाही, म्हणून मेल्यावर सांगत आहे. माझे चुकले.

ताजा कलम: साक्षीदार कमी पडला म्हणून मुलीने माझ्या भावालाच बोलावले. वकील म्हणाले, "ज्याला झाड मिळणार, त्याची साक्ष नको." तोवर त्याने सगळे वाचले होते.

"दादा, राख मी खरेच टाकली होती. वहिनीच्या झाडाला कीड लागली होती, म्हणून."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तुझा आवाज काय चढला होता!"

५. सबब, राख आणि चुना दोन्ही बंद. झाड त्याचेच. मी मरायची वाट न पाहता त्याने उद्या सकाळपासून पाणी घालायला यावे. चहा इथेच होईल.

सही: मोठा भाऊ
साक्षीदार: १. शेजारचा शिंपी २. पोस्टमन (पत्र द्यायला आला होता, अडकला)
ठिकाण: अंगण, अनंताजवळ
दिनांक: ९ जून. कळ्या तीन.