उपाशी पोटी चढायचं नाही

बाई, गेल्या रविवारी देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी चाळीसेक बायका माझ्याकडे बघत उभ्या होत्या आणि मला तुमचा डबा आठवत होता. तुम्हाला जाऊन आता बारा वर्षं होतील. एवढ्या काळात सांगण्यासारखं खूप साठलं, पण लिहायला कधी बसले नाही. मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिलीच, हेसुद्धा तुम्हाला कळवायचं राहिलं. निकाल मोबाईलवर आला तेव्हा वडिलांनी तो दोन बोटांनी मोठा करून करून पाहिला आणि म्हणाले, "ह्यात तुजं नाव कुठं हाय, तेवढं दाव." मग दिवसभर ते वाडीभर तेवढंच नाव दाखवत फिरले. आता मी भोरला एका दवाखान्यात नावनोंदणीच्या टेबलावर असते. तुम्ही भोरहून नसरापूर, नसरापूरहून मार्गासनी आणि तिथून पुढे पायी आमच्या वाडीवर शिकवायला यायचात. मी रोज तीच वाट उलटी करते, फक्त आता पायी काही चालावं लागत नाही. वाडीपर्यंत डांबरी रस्ता झालाय.

आणि त्या रस्त्यापासूनच सगळं सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही. टेबलावर बसून बसून माझ्या लक्षात आलं की आपल्या खोऱ्यातली माणसं चालायची थांबली आहेत. पूर्वी मिठाच्या पुड्यासाठी मार्गासनीला पायी जाणारे आता कोपऱ्यावर वडापच्या जीपची वाट बघत उभे राहतात, आणि चाळिशीतच त्यांच्या केसपेपरवर शुगर, बीपी असं लिहिलेलं असतं. माझ्या आईच्याही. दुसरीकडे भोरमधली काही नोकरदार मंडळी आणि पुण्याचे त्यांचे मित्र दर रविवारी बूट घालून डोंगर चढायला येतात, घाम गाळतात आणि मोबाईलमध्ये पावलं मोजून घरी जातात. मला वाटलं, ह्या दोघांची गाठ घालून द्यावी, आणि चढतोच आहोत तर त्यातून कुणाचं तरी भलं व्हावं. म्हणून ही चढाई ठरवली. पायथ्यापासून वर देवळापर्यंत आणि परत खाली, ही एक फेरी. उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंत ज्याला जितक्या जमतील तितक्या. प्रत्येकानं आपला एक पाठीराखा आणायचा आणि त्यानं दर फेरीला कबूल केलेली वस्तू द्यायची. पुण्याच्या लोकांचे पाठीराखे पैसे देणार होते. आमच्याकडचे मटकी, गूळ, नाचणी. नसरापूरच्या एका दुकानदारानं शेंगदाणे देतो म्हटलं. माझी पाठीराखी आई होती आणि आईची मी. हे सगळं आपल्या शाळेला जायचं होतं. दुपारची खिचडी मुलांना मिळते, पण वरच्या पाड्यावरची मुलं तासभर चालून येतात ती उपाशीच. प्रार्थनेला डोळे मिटून उभी असतात खरी, पण त्यातली निम्मी भुकेनं डुलत असतात. त्यांना वर्षभर सकाळचा घास मिळावा, एवढंच होतं.

तुमच्या वेळी तो घास तुमच्या डब्यातून यायचा. मला अजून दिसतंय. तुम्ही हजेरी घेता, मग खुर्चीत बसून डबा उघडता आणि तोंड वाकडं करून म्हणता, "आज परत जास्त भाकरी बांधल्या घरच्यांनी. मला संपायच्या नाहीत. कोण मदत करतंय?" आम्ही मदत करायचो. आमचा समज असा होता की तुमचे घरचे लोक हिशेबात कच्चे आहेत. तुम्ही गेल्यावर मी भेटायला आले तेव्हा तुमच्या सासूबाई म्हणाल्या, "पहाटे उठून पाच भाकरी थापायची. खायची एक." त्या असं म्हणाल्या आणि त्यांना हसू आलं, मग मलाही.

तो शर्यतीचा दिवस तुम्हाला आठवत असेल. वेल्ह्याला तालुक्याच्या स्पर्धा होत्या, मी सहावीत होते. मी देवीला बोलले होते की पहिली येऊ दे, मी सकाळपासून काही खाणार नाही. दुसऱ्या फेरीला डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी भरल्या मैदानात पालथी पडले. तुम्ही तिथं रागावला नाहीत. मला चिंचेखाली नेलंत, पाणी मारलंत, डब्यातली भाकरी दुधात कुस्करून भरवलीत आणि मी पुरती ताजीतवानी झाल्यावर मग रागावलात. "पळायचं कुणाला होतं? देवीला की तुला?" मी म्हटलं, "मला." "मग जेवायचं कुणी?" पुन्हा उपाशी पोटी पळणार नाही असं तुम्ही माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलंत. सातवीनंतर मी मार्गासनीच्या शाळेत जायला निघाले तेव्हा तो डबाच माझ्या हातात ठेवलात. रिकामं भांडं देऊ नये म्हणून आत गुळाचा खडा होता. डब्याच्या झाकणाला तेव्हाच पोक आला होता, तो अजून आहे. दवाखान्यात मी तोच नेते.

तर चढाईसाठी मी घरोघर फिरले. आधी म्हटलं, व्यायाम होईल. बायका हसायला लागल्या. "आमी रोज सरपान आनतो डोईवर, त्ये काय झोपून आनतो व्हय?" एक म्हणाली, "आगं, पुन्याची मानसं पैसं दिऊन चढत्यात, आमाला फुकटात चढीवतीस?" मग मी दुसरं वाक्य काढलं. शाळेतल्या पोरांच्या भल्यासाठी देवीपर्यंत चढायचं आहे, असं म्हटलं. त्यासरशी हसणं थांबलं आणि एकजात सगळ्या हो म्हणाल्या. माझी थोरली चुलती तर सत्तरीची, तिनंही नाव लिहायला लावलं. मी खूश. आपल्या बोलण्यात जोर आहे असं वाटलं मला. त्या वाक्याचा त्यांनी काय अर्थ घेतला, ते रविवारी कळलं.

रविवारी थंडी चांगली होती. गवत पिवळं पडलेलं, वाट कोरडी, चढायला एकदम मस्त. पुण्या-भोरची मंडळी रंगीत बुटांत हातपाय ताणत होती. टेम्पोजवळ मोठ्या पातेल्यात पिठलं रटरटत होतं आणि टोपलीत भाकऱ्या होत्या, पण त्या चढून आल्यावरच्या जेवणासाठी. टेम्पोच्या फळीवर मी माझ्या अक्षरात नियम लिहून चिकटवले होते, त्यातला पहिला होता, उपाशी पोटी कुणीही चढायचं नाही. आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर बीपीचं मशीन घेऊन टेबलाशी बसल्या होत्या. आणि आमच्या बायका आल्या त्या ठेवणीतल्या साड्या नेसून, मळवट भरून, हातात नारळ, आणि पायात काही नाही. सिस्टरनी पहिलीला विचारलं, "सकाळी काय खाल्लं?" "काय न्हाई." दुसरीला विचारलं. "काय न्हाई." तिसरीला म्हणाल्या, "चहा तरी?" ती म्हणाली, "पान्याचा थेंब न्हाई, बाय." चौथी आई होती. सिस्टरनी नुसतं वर पाहिलं. आई म्हणाली, "गोळी तेवडी घेतलीया शुगरची. ती चुकवायची न्हाई म्हून तुमीच सांगितलं न्हवं का?"

सिस्टरनी मला हाक मारली. आईचं बोट टोचून साखर तपासली. आकडा बघून त्यांचा चेहरा बदलला आणि त्यांनी गुळाचा खडा आईच्या तोंडापुढे धरला. आईनं ओठ मिटले. गोळी पोटात आणि अन्न नाही, साखर पार उतरली होती.

"आई, खा."

"नवस बोललीया म्या."

"कसला नवस?"

"तुजं काम पार पडू दे म्हून. वरनं नारळ फोडून आल्याबिगर खायाची न्हाई."

मागच्या बायका म्हणाल्या, आमचंबी त्येच. पोरांसाठी देवीला जायचं म्हणजे उपाशीच जायचं, अनवाणीच जायचं. खाऊन चढलं तर ते फिरायला गेल्यासारखं झालं, त्याचं पुण्य पोरांना कसं लागायचं? बाई, मग मी तुमचं वाक्य काढलं. मोठ्या ऐटीत विचारलं, "चढायचं कुणाला आहे? देवीला की तुम्हाला?" चुलती म्हणाली, "आमाला." "मग जेवायचं कुणी?" चुलती शांतपणे म्हणाली, "जेवायचं पोरांनी. म्हून तर चढायलोय."

तुमच्याकडे ह्याला काहीतरी उत्तर असतं. सिस्टर म्हणाल्या, "एक जरी बाई उपाशी वर गेली तरी मी मशीन बंद करून घरी जाणार. आणि ह्या माउलीच्या पोटात आत्ता काही गेलं नाही तर मला तिला आत्ताच्या आत्ता गाडीत घालावं लागेल." बायका म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ द्या तुमचं मशीन, आमाला वाट म्हाईत हाय." बुटातली मंडळी हातपाय ताणायची थांबून आमच्याकडे बघत होती. आई तेवढ्यात खाली बसली. तिला मुद्दाम बसायचं नव्हतं, ते तिच्या बसण्यावरून कळत होतं. मी तिच्या पाठीला हात लावला तर पोलकं घामानं ओलं, आणि थंडी तर अशी की बोलताना वाफ निघत होती.

चुलतीनं आईकडे पाहिलं, मग पातेल्याकडे पाहिलं. म्हणाली, "म्हाताऱ्यांची पायरी कशासाठी हाय?" डोंगराच्या वाटेला लागताना पहिला दगड आहे ना बाई, हळदीकुंकवानं माखलेला? ज्यांना चढवत नाही ते म्हातारे तिथंच नारळ ठेवतात आणि देवी खाली येऊन घेते, असं मानतात. चुलती म्हणाली, "आज तिला खाली बोलवू. निवद हितंच दावू. तिनं खाल्ल्यावर परसाद व्हतोय. परसादाला कोन न्हाई म्हनतंय, त्ये बघतेच म्या." एकीनं शंका काढली, "पिठल्यात कांदा हाय, आत्याबाय." चुलती म्हणाली, "रानातली देवी हाय. तिला कांदा नको आसल तर ती मला सांगंल, तुला न्हाई."

भाकरीवर पिठलं घेऊन तिनं पायरीपुढे ठेवलं, पाण्याचा हात फिरवला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि पहिला घास आईच्या तोंडात घातला. आईनं तो कपाळाला लावायलाही वेळ मिळाला नाही म्हणून कुरकुर केली, पण गिळला. मागोमाग सिस्टरनी गूळ दिला, तोही परसादच म्हणून. मग सगळ्याजणी ओळीनं बसल्या. चुलतीनं बुटातल्या मंडळींनाही सोडलं नाही. पुण्याचे एक गृहस्थ म्हणाले, "मी धावण्याआधी दोन तास काही खात नाही." चुलती म्हणाली, "आज खावा. डागदराला म्हनावं, देवीनं दिलं." त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या आणि पहिल्या फेरीत आमच्या बायकांच्या बरेच मागे राहिले.

पुढचं सगळं आनंदाचं आहे. बायका अनवाणीच चढल्या, गप्पा मारत, गाणी म्हणत. कुणी मागे राहिली तर पुढच्या थांबायच्या, त्यामुळे त्यांचा वेळ मोजणं अवघड झालं, पण फेऱ्या पक्क्या झाल्या. उतरताना बुटातल्या मंडळींचे गुडघे धरले तेव्हा त्यांना कसं तिरकं उतरायचं ते ह्यांनी शिकवलं. आईला सिस्टरनी तासभर बसवून ठेवलं, परत बोट टोचलं आणि मग एका फेरीची परवानगी दिली. मी तिच्याबरोबर गेले. वर तिनं नारळ फोडला, खालचं गुंजवणीचं खोरं पाहिलं आणि म्हणाली, "तुज्या बाई हुत्या ना, त्यास्नी एकदा हितं आनायचं हुतं." वडिलांनी मटकीची पोती मोजून टेम्पोत भरली. शाळेतल्या आताच्या बाई म्हणाल्या, वर्षभराचा सकाळचा घास नक्की निघेल. सोमवारपासून मुलांना भिजवलेली मटकी आणि गूळ-शेंगदाणे मिळायला लागले.

एवढं सांगून थांबायला हवं होतं. पण तुम्हाला लिहिते आहे तर एक राहिलंय. रविवारी सिस्टरनी सगळ्यांना विचारलं, मला विचारलं नाही. नियम लिहिणारीला कोण विचारणार? मी शनिवारी संध्याकाळी देवीला बोलले होते, चढाई नीट होऊ दे, तोवर मी काही खाणार नाही. तुम्हाला तीनदा दिलेला शब्द तेव्हा आठवला होता, तरी बोलले. आईला "खा" म्हणून ओरडत होते तेव्हा माझ्याच पोटात काही नव्हतं. प्रसाद वाटताना चुलतीनं माझे सुकलेले ओठ पाहिले, "तूबी?" एवढंच म्हणाली आणि माझ्या हातावर दोघींना पुरेल एवढं ठेवलं. मी टेम्पोच्या आडोशाला जाऊन खाल्लं, कुणाला दिसू नये म्हणून. ती कुणाला सांगायची नाही, आणि हा कागद पाठवायला पत्ता नाही, म्हणून ते आपल्या दोघींत राहील. कागद तुमच्या डब्यात ठेवावा म्हटलं, पण डबा उद्या लागणार आहे.

आणि रागावू नका बाई, पण उतरताना मला एकदा वाटून गेलं, की देवीला बोललेलं फळलं.