नव्या नळीचा वेग

४ मार्च, मंगळवार

खोकं उघडलं. अखेर!

वर्षभर शिवणयंत्राखाली पाय टेकायला वापरलं मी ते. हे गेले आणि त्याच आठवड्यात खोकं दारात आलं होतं. आणणाऱ्यानं विचारलं, "मालक आहेत का?" मी सही केली आणि खोकं यंत्राखाली सरकवलं. आत काय आहे ते ठाऊक होतं — यांच्या क्वाडसाठी, त्या चार चाकांच्या मोटरसायकलसाठी, मागवलेला नवा सायलेन्सर. त्याआधी कित्येक महिने घरात दुसरा विषयच नव्हता!

आज कात्रीनं पट्टी कापली. चकचकीत नळी, माझ्या दंडाएवढी जाड. सोबत एक घडीचा कागद. तो उभ्याउभ्याच वाचला. मी वाचायला एकटीनं शिकले, दुकानांच्या पाट्यांवरून आणि औषधांच्या बाटल्यांवरून, त्यामुळे हाती आलेला कागद संपवल्याशिवाय मला खाली ठेववत नाही. 'वेगात लक्षणीय वाढ' असं छापलंय. लक्षणीय म्हणजे किती? आकडा कुठेच नाही! कापडवाले बोलतात तसं — "पन्हा भरपूर आहे, ताई." टेप लावली की कळतं भरपूर म्हणजे किती ते.

मला आकडा हवाय.

५ मार्च, बुधवार

लेकीचा फोन. क्वाडला गिऱ्हाईक मिळालंय, महिनाअखेरच्या रविवारी न्यायला येणार. "आई, शेड रिकामी होईल. तुझी कापडं ठेवायला जागा होईल." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मला चालवता येत नाही, तिला वेळ नाही. चार चाकांचं ते धूड ताडपत्रीखाली किती दिवस ठेवायचं?

पण क्वाड जायच्या आधी तो वाद मिटायला हवा.

हे म्हणायचे, "नवी नळी लावली की निदान दहानं वाढतो वेग." पाना म्हणायचा, "आवाज वाढतो. वेग नाही." पाना म्हणजे यांचा जुना मित्र, गॅरेजवाला. मागच्या खिशात कायम पाना, म्हणून ते नाव पडलं. शेवटची जुंपली ती माझ्याच ओट्यापाशी. हे — "तुला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही!" तो — "मग बस त्या नळीत फुंकत!" चहा अर्धा टाकून निघून गेला. दोघंही हट्टी. थोड्याच दिवसांनी यांचं हृदय थांबलं. बोलणं राहिलं ते राहिलंच.

तेव्हापासून पाना भेटला की माझ्या चपलांशी बोलतो.

दोघांतला एक तर बरोबर असणार. कोण, ते मला कळायला हवं. बस्स.

८ मार्च, शनिवार

गॅरेजात गेले. पाना एका गाडीखाली होता, नुसते पाय बाहेर. मग पायांनाच सांगितलं — "नळी आणलीय. बसवून द्या."

पाय आखडले. मग आतून आवाज — "वहिनी, आता कशाला?"

"तुमचं भांडण मिटवायला."

"भांडणारा तर गेला."

"त्याच्या वतीनं मी आले आहे ना!"

बाहेर आला. फडक्यानं हात पुसत राहिला. स्वच्छ झाले तरी पुसतच राहिला. मग माझ्या चपलांना म्हणाला, "उद्या सकाळी."

९ मार्च, रविवार

बंद पडलेल्या कागद गिरणीमागचा रस्ता. सरळ, रुंद, शेवटी भिंत नाही, नुसतं गवत. हे दोघं नेहमी तिथेच जायचे. म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं फाटक उघडलं आणि आधी पानाकडे, मग माझ्याकडे बघितलं. "भांडत यायचे, भांडत जायचे हे लोक! आज एवढी शांतता कशी?" मग त्याला कळलं. टोपी काढून उभा राहिला बिचारा.

पद्धत यांचीच. आधी जुना सायलेन्सर, मग नवा. मोबाइल चालवणाऱ्याच्या खिशात — सगळ्यात जास्त वेग किती झाला ते तो टिपून ठेवतो. एकदा जायचं, एकदा यायचं, म्हणजे वारा एकदा मदत करतो, एकदा आडवा येतो. दोन्हींची सरासरी काढायची.

क्वाडवर पाना. जुना — ताशी १०३ किलोमीटर.

मग नवा बसवला. तापलेल्या जुन्या नळीला पानाचं बोट लागलं, माझ्यासमोर म्हणून शिवी गिळली त्यानं. कार्बोरेटरमधली जेट, पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, तीही बदलली. नव्या नळीतून हवा मोकळी सुटते, मग पेट्रोलही थोडं जास्त लागतं, म्हणाला.

आवाज! गवतातली पाखरं उठली!

नवा — ११४! अकरानं जास्त!

पहारेकऱ्यानं काठी आपटली. पाना हेल्मेट काढून हसला, आणि वर्षभरानं माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "तो बरोबर होता, वहिनी. मीच चुकलो."

हुरळून जायला हवं होतं मी. गेलेही. घरी येईपर्यंत. पण माझा कान मला सोडेना. इतकी वर्षं यंत्रावर बसल्याबसल्या मी शेडमधलं ते इंजिन ऐकलंय. जुन्या नळीच्या वेळी गिरणीच्या धुराड्यापाशी आवाज बसला. जाताना बसला, येतानाही तिथेच बसला. नव्या नळीच्या वेळी नाही.

११ मार्च, मंगळवार

विचारलंच जाऊन. "जुन्या सायलेन्सरवर तुम्ही धुराड्यापाशी वेग सोडलात."

आधी नाही म्हणाला. मग — "एकदा जिंकू द्यावं म्हटलं त्याला."

असा राग आला मला! "ते काय लहान मूल होते, मुद्दाम हरायला? तुम्ही खरंच हरवलं असतंत तर अंगावर धावून आले असते, आणि दुसऱ्या दिवशी परत वाद घालायला तुमच्याच दारात!"

त्यावर दोघंही हसलो. हसता हसता त्याचे डोळे भरले. मी खिडकीबाहेर बघितलं.

"दुसरं कुणी चालवू दे," म्हणाला. "माझा हात खोटंच बोलणार, वहिनी." पण दुसरं कोण? ओळखीतला जो तो यांच्या नाहीतर पानाच्या बाजूचा. इतकी वर्षं गाजलेलं भांडण ते!

"मी चालवते," मी म्हटलं. तोंडातून गेल्यावर मलाच ऐकू आलं.

१२ मार्च, बुधवार

लेक — "आई, स्कूटरवर मागे बसलीस तरी तू डोळे मिटतेस!"

खरं आहे.

१५ मार्च, शनिवार

यांचं हेल्मेट मला ढिलं. घातलं तर आत अजून यांचा वास. शेडमध्ये ते घालून बसून राहिले जरा वेळ. मग फोमचं अस्तर शिवलं. आतलं जुनं काढलं नाही, त्यावरूनच टाके घातले.

क्वाडला मोटरसायकलसारखी मूठ पिळायची नसते. उजव्या अंगठ्याखाली एक छोटी पट्टी असते, ती दाबायची. आयुष्यभर पायानं यंत्र चालवलं, आता अंगठ्यानं! डाव्या हाताला क्लच, डाव्या पायाला गिअर. वाटलं, अजून एक हात हवा होता.

इंजिन बंद पडलं. परत पडलं. परत! पाना कमरेवर हात ठेवून उभा — "झटक्यात सोडू नका क्लच! झोपलेल्या बाळाखालून हात काढता ना, तसा काढा."

तसा काढला. निघाली! गिरणीच्या अंगणात गोल गोल फिरले. पहारेकरी ओरडतोय, "ताई, माझी खुर्ची सांभाळा!" मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं ओरडत होते. काय ओरडत होते ते मलाही ठाऊक नाही!

१६ मार्च, रविवार

आज चाचणी. घाईघाईत लिहितेय, रेघ वाकडी जातेय. जाऊ दे!

जुना सायलेन्सर आधी. रस्ता एवढा लांब कधी वाटला नव्हता. जाऊन-येऊन सरासरी ६७. पाना म्हणाला, "तुम्ही पडला नाहीत, हेच पुष्कळ."

मग नवी नळी. जेट नीट बसलीय का ते बघायला आधी चारपाच फेऱ्या मारायला लावल्या त्यानं. मग मोबाइल खिशात — आणि सोडली! वारा हेल्मेटमध्ये शीळ घालत होता. धुराडं आलं कधी, गेलं कधी! गवत दिसलं तेव्हा थांबायचं आठवलं.

८४!!

सतरानं वाढला! हे दहा म्हणाले होते, इथे सतरा! पाना दोनदा मोबाइल बघतो, पुसतो, परत बघतो. "अशक्य," म्हणतो. पहारेकरी म्हणाला, "आता तरी कबूल करा की!" केलं त्यानं कबूल. मोठ्यानं, आभाळाकडे बघून — "जिंकलास रे, गाढवा!"

घरी येऊन मीही रिकाम्या स्वयंपाकघरात म्हटलं, "जिंकलात हो." दोन कप काढले होते. नेहमीसारखा एक परत ठेवला. पण आज तो ठेवताना हसत होते.

१८ मार्च, मंगळवार

अंगठा ठणकतोय. सुई ओवता येईना. गंमत म्हणजे रविवारी, जुन्या नळीच्या फेरीनंतर, अजिबात दुखला नव्हता.

२० मार्च, गुरुवार

कापड बेतल्यावर आकडा मनाजोगता आला की मी परत टेप लावते. मनाजोगता आला म्हणूनच.

२३ मार्च, रविवार

हट्टानं जुना सायलेन्सर परत बसवायला लावला. पाना कुरकुरला — "वाद मिटलाय ना, वहिनी!" तोच रस्ता, चालवणारी मीच, तसंच जाऊन-येऊन.

८६.

नव्या नळीपेक्षा दोननं जास्तच. नळीनं काहीच केलं नव्हतं. पहिल्या फेरीत भीतीनं पट्टी अर्धीच दाबली होती मी. त्यानंतर शेवटपर्यंत.

म्हणजे पाना बरोबर आणि हे साफ चुकले! केवढे चिडले असते! पाना रस्त्यातच मांडी घालून बसला, डोळे पुसत हसत सुटला.

पहारेकऱ्यानं विचारलं, "मग ते सतरा आले कुठून?"

पानानं माझ्याकडे बोट दाखवलं.

लेकीला फोन केला. गिऱ्हाईक नको म्हटलं. कापडं घरातच राहतील.